शुगरच्या पेशंटला केक

"एवढ्या मोठ्या देशात माणसं कमी कशी पडतात, मॅडम?"

भर वर्गात, शेवटच्या बाकावरून प्रश्न. विचारणारे विद्यार्थी नव्हते. पिशोर गावचे रंगनाथराव, वैष्णवीचे वडील. पोरगी नर्सिंग झालेली, जर्मनीतल्या नोकरीसाठी माझ्याकडे भाषा शिकत होती. हे गृहस्थ तिच्यासोबत एसटीनं येत आणि क्लास सुटेपर्यंत मागं बसून राहत.

मी मुकुंदवाडीत जर्मन शिकवते. हा प्रश्न मला नवा नाही. तिकडं म्हातारे वाढलेत, तरुण कमी झालेत, दवाखान्यांना नर्स मिळत नाहीत, असं मी सांगितलं.

"आन् त्यांची पोरं कुठं गेली?"

"जन्मलीच कमी."

"असं असतं व्हय," ते म्हणाले. पटलेलं अजिबात नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते नोकरीचा करार तालुक्याच्या गावी, कन्नडला, वकिलाला दाखवून आले. मग माझं सर्टिफिकेट मागितलं. मी दाखवलं, पण डोकं सणकलंच. मी काय पोरी पळवणारी बाई आहे?

त्यात सराव परीक्षा आली. बी-वन नावाची पातळी पास झाल्याशिवाय तिचं पुढचं काम हलणार नव्हतं. यात बोलण्याची परीक्षा दोघादोघांची असते. दोघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवायची. आपण काही सुचवायचं, समोरच्याचं खोडायचं, शेवटी एकमत करायचं. नुसती मान डोलावली की मार्क गेले.

वैष्णवीच्या जोडीला वर्गातलेच बनकर काका, चाळिशी ओलांडलेले इलेक्ट्रिशियन. विषय साधा. सोबत काम करणारा एक जण दवाखान्यात आहे, त्याला शुगर आहे, भेटायला कधी जायचं आणि काय न्यायचं. काका म्हणाले, रात्री जाऊ. ही हो म्हणाली. काका म्हणाले, केक नेऊ. ही परत हो. अगं बाई, तू नर्स ना?

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी ही. मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. बापानंच पढवलं असणार, नापास हो म्हणून. म्हणजे पोरगी घरी आणि खापर माझ्यावर. मी मागं जाऊन सरळच विचारलं.

"भाऊ, तुम्ही हिला काय सांगून ठेवलंय?"

"मी? काय केलं तिनं?"

मी सगळा प्रकार मराठीत सांगितला. ते पोरीकडं बघत राहिले.

"काकांना नाय कसं म्हणू?" वैष्णवी हळूच म्हणाली. "मोठे हायत ते. आन् पप्पा बसलेत मागं."

मी कपाळावर हात मारला. रंगनाथराव उठले. आता पोरीला घेऊन चालले, असं मला वाटलं.

"बनकर भाऊ, राग मानू नका," ते म्हणाले आणि लेकीकडं वळले. "शुगरच्या माणसाला केक नेतीस? नाय म्हण की. माझी परवानगी हाय."

मग ती जी सुटली, काकांना घाम फुटला. केक नको, रात्र नको, दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. पुण्याला खऱ्या परीक्षेतही तिला बोलण्यातच सगळ्यात चांगले मार्क पडले.

पेढे द्यायला रंगनाथराव एकटेच आले. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "आता तरी पटलं ना? फसवणूक नाही."

"फसवणूक नाय," ते म्हणाले. "लई शोधली, मॅडम. वकिलाकडं शोधली, तुमच्या वर्गात बसून शोधली. सापडलीच नाय." पेढ्याचा बॉक्स त्यांनी टेबलावर ठेवला. "सापडली असती तर पोरगी घरी राहिली असती. एकुलती हाय. तिच्या आईला गुडघ्यानं उठवत नाय."

मला लई वाईट वाटलं. पेढा हातात घेतला, पण खाववेना.

पालक आजही येतात, आजही संशय घेतात. मी आता आधी सर्टिफिकेट काढत नाही. घरी मागं कोण राहणार, ते विचारते. काही जण त्यावर पोराला घेऊन परत जातात. माझ्या वर्गातला एक बाक रिकामा राहतो. राहू दे.