उत्तरेकडे डोकं

अप्पांच्या कपाळावरचं उभं गंध कधीच उभं नसायचं. आरशापुढे मान कलती ठेवून ते गंध लावत आणि त्यांना ते सरळच दिसे. घराबाहेर पडताना आई ते बोटाने सारखं करी. मान कलली आहे, हे मात्र आमच्या घरात कोणी बोलत नसे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कुंभकोणमला दातांचे डॉक्टर होते. दवाखाना म्हणजे बाजारातली एक अरुंद खोली. वीज गेली की उजेड फक्त दारातून येई, म्हणून त्यांनी खुर्ची दाराकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून सिमेंटात पक्की बसवली. चूळ टाकायच्या भांड्याचा पाइपही जमिनीखालून काढला. पहिल्याच आठवड्यात पापनाशमहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी खुर्चीत मागे रेलवलं, तर त्या ताडकन उठून बसल्या. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. जित्या माणसाला असं निजवतात का, असं तमिळमध्ये सुनावून दुखरा दात घेऊन तशाच निघून गेल्या. ही गोष्ट आई हसत सांगायची. मला लहानपणीसुद्धा त्या गोष्टीचं हसू आलं नाही.

शहाण्या माणसाने जमीन फोडून खुर्ची फिरवली असती. अप्पांनी खुर्चीची पाठ पाडायचा दांडा काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवसापासून रोग्याने ताठ बसायचं आणि डॉक्टरने त्याच्या तोंडात डोकावायला कमरेतून वाकून मान मुरडायची, असा नियमच झाला.

मी मद्रासला दातांच्या डॉक्टरीचंच शिक्षण घेत होते आणि सुट्टीत दवाखान्यात जाऊन बसे. एकदा दारासुरमचे एक रेशीम विणकर आले होते. दाढ भरून झाली तरी ते उठेनात, अप्पांचा उजवा खांदा बघत राहिले. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, बोटं झोपतात का? मागावर बसणाऱ्यांची आधी मान जाते, मग बोटं झोपतात, आणि मग धागा तुटला तरी हाताला कळत नाही, असं ते म्हणाले. अप्पा हसले. हसता हसता त्यांनी उजवा हात खिशात घातलेला मी पाहिला.

त्या संध्याकाळी घरी मी त्यांना डोळे मिटायला लावले आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आलटून पालटून दाबलं. कुठलं बोट ते सांगा, म्हटलं. ते अंदाजाने सांगत होते आणि अंदाज चुकत होते. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. खुर्ची फिरवा म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. पोंगलनंतर बघू, म्हणाले. पोंगल झाला, मग चित्तिरै महिना झाल्यावर बघू. गवंड्याला आठ दिवस लागणार होते आणि आठ दिवस दवाखाना बंद ठेवणं त्यांना पटत नव्हतं.

मी शिकून परत आले त्या वर्षी एका सकाळी त्यांच्या हातातलं ड्रिल घसरलं आणि रोग्याचा गाल आतून कापला गेला. जखम लहान होती, दोन टाक्यांची. पण अप्पांच्या हाताला ते कळलंच नव्हतं. रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी हात धुतले, कोट काढून खिळ्याला लावला आणि घरी गेले. पुन्हा त्यांनी तो कोट घातला नाही.

खुर्ची माझ्याकडे आली. पहिल्याच महिन्यात जमीन फोडायची, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण रोज रोगी येत, आणि आठ दिवस काही निघेनात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीन वर्षं मी त्याच खुर्चीपाशी, त्याच बाजूला वाकत राहिले.

मग अप्पांचीच दाढ दुखू लागली. ती काढायलाच हवी होती. ते खुर्चीत ताठ बसले, मी नेहमीसारखी वाकले, आणि माझ्या डाव्या हातातला तोंडात बघायचा आरसा त्यांच्या छातीवर पडला. निसटला, मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, मला डोळे मिटायला सांगितले आणि एक बोट दाबलं. मी करंगळी म्हणाले. ती करंगळी नव्हती.

"केव्हांपासून?" त्यांनी त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं.

"आजच."

"मीही तुझे आईस असेंच सांगत होतों."

मग त्यांनी ड्रॉवरमधला दांडा मागितला. तो गंजला होता, त्याला खोबरेल लावून बसवावा लागला. मी म्हटलं, अप्पा, राहू दे, डोकं उत्तरेला होईल.

"होऊं दे," ते म्हणाले. "तूं बसून काम कर."

त्यांनी स्वतःच दांडा ओढला. खुर्ची करकरत मागे गेली आणि ते दाराकडे पाय करून, डोळे मिटून निजले. रस्त्यावरून जाणारी एक बाई आत बघून थबकली आणि हात जोडून पुढे गेली. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर बसले. पहिल्यांदाच पाठ सरळ ठेवून मी त्या खोलीत दाढ काढली. दाढ अख्खी निघाली. माझी बोटं मात्र संध्याकाळपर्यंत जागी झाली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत.