कासेला लावलेली वीज

अश्लेषा बावड्याची. घरी गोठा भरलेला, पण हिचा जीव विजेत. बारामतीच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता तिनं पीएचडीला विषय घेतला तो म्हशीच्या कासेचा. कासेला धातूच्या चकत्या चिकटवून अगदी क्षीण वीज सोडायची. ती पेशींच्या पातळ पडद्यांवर साठते आणि ओसरते. ओसरायला किती वेळ लागतो, त्याचं गणिती मॉडेल बसवायचं. निरोगी कास एका तऱ्हेनं वागते, सुजू लागलेली दुसऱ्या. दगडी रोग डोळ्यांना दिसायच्या आधी कळावा, एवढाच तिचा ध्यास.

वरकुट्यात दूध संस्थेच्या जोतीरामतात्यांनी तिला गोठे दाखवले. द्वारकाबाईनं मात्र दारातच अडवलं.

"माज्या म्हशीला शॉक देतीस व्हय गं?"

"शॉक न्हाय, मावशी. हे बघा." अश्लेषानं चकत्या स्वतःच्या दंडाला लावल्या.

"तू दूध देतीस का?"

बघे खदखदून हसले. तात्यांनी गळ घातली म्हणून बाईनं एकदा मोजू दिलं, तेही शिव्या पुटपुटत.

तीन सडांचे आलेख निरोगी कासेच्या मॉडेलात नीट बसले. चौथ्याचा काही केल्या बसेना. गणित पुन्हा तपासलं, चूक नव्हती. त्या बाईचं तोंड बघायची तिला इच्छा नव्हती, तरी सकाळच्या एसटीनं ती वरकुट्याला गेली.

"मागचा डावा सड बिघडतोय. डॉक्टरला बोलवा."

"चांगल्या जनावराला दृष्ट लावतीस? हो भाईर!" द्वारकाबाईनं शेणाचं घमेलं तिच्या पायाशी आदळलं.

डॉक्टर आले ते सड दगडासारखा झाल्यावर. तो कायमचा गेला. गावात एकच बोलणं: मशीननं मारला. तात्यांनीही तिचा फोन उचलणं सोडलं. मॉडेल खरं ठरलं होतं आणि ते ज्या गावात खरं ठरलं, तिथंच तिला पाय ठेवायची सोय उरली नव्हती. उरलेलं काम तिनं पणदऱ्याच्या गोठ्यांत पुरं केलं.

पुढं इंदापूरच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या.

"हायस व्हय अजून हितंच?"

"हाय की. म्हैस कशी हाय?"

"इकली. तुज्यापायी."

"माजं ऐकलं असतं तर चार सडांची इकली असती."

द्वारकाबाई बाजूला थुंकली आणि चालती झाली. अश्लेषा भाजीच्या ढिगापुढं वाकली. काय पाहिजे म्हणून भाजीवाली विचारत राहिली. अश्लेषानं रागानं कोथिंबिरीची जुडी उचलली आणि परत ढिगात आपटली.