वसईचं मीठ आणि हटून बसलेली सुई

फिलोमिनाने बोलावलं की नाही म्हणायची सोय नसते. कॉलेजात आम्ही एकाच टेबलावर प्रयोग केले. आता ती वसईच्या एका शाळेत शिकवते, मी दादरला. शाळेत मुलींना रसायनशास्त्र असावं म्हणून ती कधीपासून भांडत होती. शेवटी समितीने सांगितलं, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर एक धडा घेऊन दाखवा. पटला तर वर्ग सुरू, नाहीतर शिवणकाम आहेच. मी शनिवारी सकाळीच गाडीत बसले.

वसई रोडला उतरलात की गावात जायला टांगा मिळतो. भाडं आधी ठरवा, नाहीतर थेट किल्ल्यापर्यंत वाद घालत जाल. रस्ता मात्र झकास, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. फिलोमिनाचं घर पाचूबंदरला. तिच्या आईने दारातच तांब्या पुढे केला. "पानी घे बाय, मंग जेवाला बस." तांदळाची भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील! ते न खाता वसईहून परतणाऱ्याशी मी बोलणार नाही.

दुपारी सामान जमवलं. तांब्याची तार, मेणबत्ती आणि साखर घरातच होती, टॉर्चचे सेल माझे. तिच्या वडिलांनी होडीतलं होकायंत्र दिलं. त्याला तारेचे वेढे घातले की वीज वाहताच सुई वळते. मिठाची बाटली मी मुंबईहून नेली होती, पण फिलोमिनाने नाक मुरडलं. "मिठागराच्या गावात बाटलीतलं मीठ? लोक हसतील." मग आम्ही मिठागरावर जाऊन ओंजळभर ताजे खडे आणले.

रविवारी वर्ग गच्च भरला. मागे मुली आणि त्यांच्या आया, पुढे समिती, आणि समितीत दुमिंगकाका, ज्यांचा शब्द अखेरचा. फिलोमिना झोकात बोलत होती. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून त्यातून वीज जाते आणि ठोकलं तरी तांबं फुटत नाही, पसरतं. तार जोडली, सुई वळली. मेणात आणि साखरेत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन आपापले गट करतात. वीज न्यायला मोकळं कोणी उरत नाही. सुई ढिम्म. मेणाच्या गटांची एकमेकांवरची पकड सैल, म्हणून ते जराशा धगीने वितळतं. मिठात मात्र धन आणि ऋण कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. "म्हणून कोरड्या मिठातून वीज जात नाही," म्हणत तिने तारा खड्यांत खोचल्या.

सुई वळली.

"जाते की," दुमिंगकाका म्हणाले. कोणीतरी हसलं. फिलोमिनाने खडे चोळून पाहिले तर बोटं ओलसर. ताजं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या ओलाव्यात कण सुटे होतात, हे आम्ही दोघी साफ विसरलो होतो. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिची आई गुडघ्यावर शेकाची पुरचुंडी धरून बसली होती. त्याच मिठागरातलं मीठ, पण तव्यावर खरपूस भाजलेलं, अजून ऊन.

"आये, ती पुरचुंडी दे."

"नि माजा गुडघा?"

"संध्याकाळी मी शेकते."

पुरचुंडी सुटली, तारा आत गेल्या. सुई जागची हलली नाही. मागून मुलींच्या टाळ्या आल्या. मग फिलोमिनाने त्याच मिठावर पेलाभर पाणी ओतलं आणि सुई सपकन फिरली. दुमिंगकाका उठून टेबलाशी आले.

"पान्याबिगर ते कन सुटतच नाय?"

"सुटतात काका, मीठ वितळवलं तर. पण त्याला भट्टीची धग हवी."

"भट्टीचं फुडल्या वर्षी बघू. वर्ग चालू करा."

फिलोमिनाने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. मला तिचा जबरदस्त अभिमान वाटला, अजून वाटतो.

येताना वसईची सुकेळी आणा. वाळवलेली केळी ती, प्रवासात टिकतात म्हणे. माझी दादरच्या घरी दोन दिवससुद्धा पुरली नाहीत. प्रयोगशाळेत काही पेटलं, उसळलं, रंग बदलला की टाळ्या पडतात, त्या मी पुष्कळ ऐकल्यात. सुई हलली नाही म्हणून पडलेल्या टाळ्या मात्र मी वसईतच ऐकल्या.