सगळे वाचले, म्हणून संशय

कुपवाडची ती आग आजही डोळ्यांसमोर आहे, आणि आठवली की आधी माझं मलाच हसू येतं.

रंगकाम करणारा एक छोटा कारखाना भरदुपारी जळाला. आत पंधरा-वीस कामगार होते. एकालाही ओरखडा नाही. दुसऱ्या कोणी देवाचे आभार मानले असते. मी संशय घेतला.

त्यातच आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, आग लागल्यावर पळायचं कसं, याची तालीम त्यांनी गेल्याच आठवड्यात केली. आज कामगारांच्या गाड्याबी लांब, रस्त्याकडेला. समजून घ्या."

मी समजून घेतलं. कारखान्याचा विमा होताच. पंचनाम्यात जळालेली वायर मिळाली. "वायर काय, कुणीही जाळेल," मी फौजदाराला डोळा मारून सांगितलं.

तालीम घेणारा सुपरवायझर म्हणजे वडूजकडचा निवृत्त लष्करी हवालदार. त्यांना चौकशीला बोलावलं.

"आग लागणार हे कधी कळलं?"

"लागल्यावर, साहेब."

"मग तालीम कशाला?"

"लागल्यावर शिकवाय येळ गावत न्हाई."

"आणि गाड्या?"

"मागल्या दारात सावली हाय. समदी तितंच लावायची, दार उघडायचंच न्हाई. मी उनात लावायला लावल्या. लय शिव्या खाल्ल्या."

"कधीपासून?"

"उनाळ्याच्या आधीपास्नं."

अपराधी माणूस अडखळतो, हा माझा सिद्धांत. न अडखळणारा त्याहून पोचलेला, हा उपसिद्धांत. दोन्हीकडून मीच बरोबर! अटकेची तयारी करायला सांगितली, तेव्हा मात्र हवालदारांचा आवाज खाली आला. "साहेब, पोरगी पोलीस भरतीत उतरलीया. बापाच्या नावावर केस नगं."

अटकेआधी शेवटची पाहणी म्हणून कारखान्यावर गेलो. कामगार राख उपसत होते. त्यांच्यावर वचक बसावा म्हणून रस्त्याकडेच्या एका मोटारसायकलवर ऐटीत टेकलो. सीटवरचं पोतं वर्दी मळेल म्हणून आधी बाजूला केलं होतं. टेकलो त्याहून वेगानं उठलो. सीट नव्हे, तवा!

"आवं साहेब, पोत्याबिगर बसू नगासा!" एकजण ओरडला.

तेव्हा कुठे नीट पाहिलं. प्रत्येक गाडीवर पोतं, आणि पोत्याखाली उन्हानं तडकलेलं रेक्झिन. आठवडाभरात सीट अशी होत नाही; गाड्या खरंच उन्हाळ्याआधीपासून उन्हात होत्या. पुढे विद्युत निरीक्षकानंही शॉर्टसर्किटच सांगितलं. हवालदारांची माफी मागून त्यांना मोकळं केलं.

काही दिवसांनी तिकडून जाताना पाहतो, तर उरलेल्या शेडमध्ये काम सुरू आणि गाड्या पुन्हा मागच्या दारात!

"तालीम करनाऱ्याला पोलीस नेत्यात, साहेब. नसता ताप कशाला?" कामगार म्हणाले.

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. नोकरीभर मी बेसावध माणसांचे पंचनामे केले आणि एक सावध माणूस भेटला, तर त्यालाच कोठडीच्या दारात उभं केलं. संशय घेणं हा आमचा धंदाच. पण एखादा फार तयारीत दिसला, तर तो कशासाठी तयार आहे, हे आधी विचारावं. आणि मिळालेलं उत्तर ऐकावंसुद्धा.

हवालदारांना विनंती करून पुढच्या तालमीला मीच कामगारांत उभा राहिलो. शिट्टी झाली. टेबलावरची टोपी उचलून मीही धावलो. बाहेर सगळे ओळीत उभे होते.

हवालदारांनी मला वरून खाली पाहिलं. "टोपीसाठी थांबलासा, साहेब. तुमी गेला."

कामगार पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी गाड्या उन्हात होत्या.