फट, फुगा आणि गम

फर्निचरच्या वर्कशॉपातला भुसा रोज झाडून बाहेर जातो, किस्से मात्र आतच साचत राहतात! जळगावात नशिराबाद रोडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. नाना मोठे मिस्तरी, मूळ धरणगावचे. मी त्यांच्या हाताखालचा सुतार. प्लाय कितीही भारी आणा, कापला की कडेला कुठेतरी फट निघतेच. मग बारीक भुसा गममध्ये कालवायचा, फटीत दाबून भरायचा, वाळला की पॉलिश पेपर मारायचा. आमचे बरेचसे किस्से या फटींतूनच निघालेत.

*

एकदा एक गिऱ्हाईक कपाट बघायला आलं. नाना प्लायवर बोटाने टकटक करत, कान लावून ऐकत होते. आतल्या थरात पोकळी असली की आवाज बदलतो.

गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काय झालं नाना, माल खराब आहे का?"

"खराब नही," नाना म्हणाले, "पोटमा वारा शे!"

*

तो वारा काढायला इंजेक्शनची सिरिंज लागते. बारीक भोक पाडायचं, आत गम सोडायचा आणि वरून वजन ठेवायचं. मी मेडिकलवर गेलो.

दुकानदाराने काळजीने विचारलं, "पेशंट लहान आहे की मोठा?"

"मोठा आहे. उचलायला चार माणसं लागतात!"

बिचारा म्हणाला, "मग ॲडमिटच करा ना!"

*

धुळ्याला एका अक्कांकडे टीव्ही युनिट बसवलं होतं. वरच्या विनिअरला, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, फुगा आला. असा फुगा ओलं फडकं टाकून, गरम इस्त्री फिरवून बसवतात. आतला गम वितळतो आणि परत धरतो. नानांनी अक्कांचीच इस्त्री मागितली आणि इतक्या हळुवार फिरवली, की फुगा गेला कुठे ते कळेना!

अक्का आत गेल्या आणि दोन साड्या घेऊन आल्या. "भाऊ, इस्त्री गरमच आहे, तर..."

नानांनी दोन्ही साड्यांना इस्त्री केली! निघताना अक्कांनी आम्हाला भरीत-भाकरी खाऊ घातली. ती चव अजून जिभेवर आहे.

*

आता माझंच सांगतो. कटिंग मशीनवर माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. जखम भरली, पण मन काही कामाला तयार होईना. नाना घरी आले.

मी म्हणालो, "नाना, मला आता रंधा धरता येणार नाही."

"रंधा मी मारसू," नाना म्हणाले. "तू फटी भर. आणि उद्या डबा दोघांचा आण, माझी सून माहेरी गेली आहे."

बायको दाराआड रडत होती. सकाळी तिने खरंच दोघांचा डबा भरला. नानांचे आभार कसे मानायचे, ते मला आजही सुचत नाही.

*

त्यानंतर मी पहिल्यांदा एकटा कामाला गेलो, तो सोनगीरला. तिथल्या आबांची नजर पूर्ण गेलेली. जेवणाच्या टेबलाची कड उकललेली होती, हात टेकला की कुसळं टोचायची. त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

कडेच्या सगळ्या फटी मी भरल्या. वाळेपर्यंत थांबलो, पेपर मारला, कड पुसली. मग आबांना म्हणालो, "बघा आबा."

आबा उठले. कडेवर तळवा ठेवून सावकाश टेबलाभोवती फिरले. कुठे अडले नाहीत. मी बाजूलाच उभा होतो, माझा हात कडेवरच राहिला होता. आबांचा तळवा सरकत त्यावर आला. ते थांबले. माझं अर्धं बोट त्यांनी चाचपलं.

"भाऊ, आठे एक फट राही गई," त्याच जागी बोट ठेवून ते म्हणाले.

सूनबाई एकदम ओशाळल्या. मी म्हणालो, "आबा, ती भरत नाही."

आबांनी अंगठा त्या टोकावरून परत एकदा फिरवला.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गुळगुळीत शे!"