वाईट बातमी पहिल्या ओळीत

मुनीर सर गेले. आज सकाळी सहा वाजता, पडेगावला, स्वतःच्या घरी.

पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण त्यांच्या क्लासचा पहिला नियम तोच होता.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी: सर वेरूळला टुरिस्ट गाईड होते. जर्मन, जपानी, फ्रेंच, सगळ्यांना लेणी दाखवून झाली आणि रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर क्लास काढला.
विषय एकच. परदेशी माणसासोबत काम करायचं तर बोलायचं कसं, लिहायचं कसं.

आमच्या कंपनीत हे ट्रेनिंग हॉटेलात होतं. पुण्याचा माणूस, एसी हॉल, बुफे. फक्त मॅनेजर लोकांना.
सरांची फी मोबाईलच्या रिचार्जएवढी. चहा धरून.

मी गंगापूरची. वाळूजला एका कारखान्यात डिस्पॅच बघते. सरांकडं हौसेनं गेले नव्हते, नोकरी जायची वेळ आली म्हणून गेले.

झालं असं की पार्ट्सच्या एका लॉटला तडे निघाले. माल दहा दिवस उशिरा जाणार होता. जर्मनीच्या कस्टमरला मेल मी लिहिला.
आधी नमस्कार. मग दिवाळीच्या शुभेच्छा. मग आमची टीम किती मेहनत घेते ते. चौथ्या पॅऱ्यात, हळूच, 'थोडा उशीर होऊ शकतो'.

त्याचं उत्तर आलं: थँक यू, हॅपी दिवाली.
माल वेळेवर पोचला नाही आणि त्यांची प्रॉडक्शन लाईन बंद पडली. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. "मॅडम, अजून एकदा असं झालं तर घरी बसा."

तो मेल सरांनी वाचला. चष्मा काढला.
"गंगापूर, चार एकराचा मेल लिहिलास आणि बातमी बांधाच्या पलीकडं ठेवली!"

नाव कधी घेतलंच नाही त्यांनी माझं. शेवटपर्यंत गंगापूर.

मी म्हणाले, "सर, एकदम तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटतं हो समोरच्याला."
"उसको नहीं, तुझे बुरा लगता है. तू स्वतःला वाचवतेस."
लई राग आला होता मला. दोन दिवस क्लासला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली.
नवीन गाईड असताना त्यांना एक जर्मन बाई भेटली. हातात एकच दिवस, आणि तो मंगळवार. मंगळवारी वेरूळ बंद. पण सकाळी सकाळी नाही कसं म्हणायचं? म्हणून सरांनी तिला किल्ला दाखवला, खुलताबाद फिरवलं, दोनदा चहा पाजला. दुपारी तीनला लेण्यांच्या बंद गेटपाशी नेऊन उभं केलं.

बाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला सकाळीच माहीत होतं. सकाळी सांगितलं असतं तर दिवस माझा होता. तुम्ही माझा दिवस खाल्लात."

सर म्हणायचे, माझा सगळा सिलॅबस एवढाच आहे. बाकी नमस्कार कसा करायचा ते गुगलवर बघा.

पुढच्या वेळी माल अडकला तेव्हा मी पहिल्या ओळीत लिहिलं: माल आठ दिवस लेट आहे.
कस्टमरनं आठ दिवसांची सोय दुसरीकडून केली. नोकरी टिकली. अजून आहे.

आता जे लिहायला बसले ते.

यंदा उन्हाळ्यात सर दवाखान्यात होते. भेटायला गेले तर त्यांच्या मुलानं, जुनैदनं, मला बाहेरच थांबवलं.
"ताई, डॉक्टर दोन-तीन महिने म्हणतात. अब्बांना काही बोलू नका. आम्ही अल्सर सांगितलंय."
मी बरं म्हणाले.

आत सरांनी सगळ्यांना चहाला पाठवलं. मग माझ्याकडं बघून विचारलं,
"गंगापूर, वेरूळ चालू है या बंद?"

त्या दिवशी बुधवार होता.

जुनैदला दिलेला शब्द डोक्यात होता. चार एकराचं बोलायला तोंड उघडलं होतं मी. हवा, रिपोर्ट, नवीन औषधं.
आणि बोलले, "बंद आहे सर. दोन-तीन महिने म्हणतात."

त्यांनी उशाशी ठेवलेला चष्मा लावला. मग म्हणाले, "शुक्रिया. दिन बचा लिया मेरा."

कळल्यावर जुनैद माझ्यावर भडकला. "तुम्ही कोण सांगणाऱ्या?" त्याचं चुकलं नव्हतं. मी कोण? त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.
मी बरोबर केलं का, मला आजही ठाम सांगता येत नाही.

एवढं माहीत आहे की सर घरी आले. आणि एका सकाळी हट्टानं जीपनं वैजापूरला गेले, धाकट्या भावाकडं. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. दोन दिवसांसाठी गेलेले सर आठ दिवस राहून आले.

आज सकाळी जुनैदचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"ताई, अब्बा गेले. सहा वाजता. दुपारच्या नमाजनंतर दफन आहे."
मग म्हणाला, "बाकी सगळ्यांना तब्येत जास्त आहे, लवकर या, असं कळवलंय. तुम्हाला तसं सांगितलं असतं तर अब्बा चिडले असते."

मला रडू तेव्हा आलं.

पडेगावला पोचले तेव्हा ओट्यावर, सरांच्या खुर्चीशेजारी, वैजापूरचे काका बसलेले होते. सगळ्यांच्या आधी आलेले.

सर, भावपूर्ण शब्द जुळवत बसले तर तुम्ही चष्मा काढाल. म्हणून सरळ लिहिते.
तुमची लई आठवण येणार आहे.
तुमची गंगापूर.