तिसरा प्रश्न

आपल्या देशाचा रग्बीचा संघ होता असं आज कुणाला सांगितलं, की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ते अंड्यासारख्या चेंडूचं ना?" हो, तेच. पंधरा-पंधरा धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन चेंडू पलीकडच्या रेषेपार नेतात, ते. मी एका दैनिकात बावीस वर्षं या संघाच्या बातम्या दिल्या. सुरुवातीला फोटोसकट, नंतर नुसत्या, आणि शेवटी संपादकाला जागा भरायची असेल तेव्हाच. कोण पडलं, कोण उठलं, किती गुणांनी हरलो, सगळं लिहिलं. ज्या माणसाबद्दल लिहायला हवं होतं त्याच्याबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. ती आता लिहितो, कारण आता ती छापायला कुणी घाबरणार नाही. संघच उरलेला नाही.

त्याला सगळे मामा म्हणत. सरकारी रुग्णालयात प्लास्टरच्या खोलीत तो कामाला होता. खोली म्हणजे एक उंच टेबल, कोमट पाण्याची बादली, पट्ट्यांची गुंडाळी आणि कायम तुंबलेलं बेसिन, कारण प्लास्टरचा गाळ पाइपात जाऊन बसायचा. मामाच्या नखांच्या कडा बारा महिने पांढऱ्या. दिवसभरात त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "हलू नका." बाकी बोलणं पेशंटचे नातेवाईक करत.

रुग्णालयातले एक म्हातारे डॉक्टर तेव्हा राष्ट्रीय संघाचे डॉक्टर होते. मामाच्या हाताला सफाई आहे हे बघून त्यांनी त्याला संघात ओढलं. मॅचच्या आधी खेळाडूंचे गुडघे, घोटे, खांदे चिकटपट्ट्यांनी बांधून द्यायचे, एवढंच काम. मामाने बांधलेला गुडघा मॅचची ऐंशी मिनिटं जागचा हलत नसे. पुढे त्याचा भाचा संघात आला, तो त्याला "मामा" अशी हाक मारी, म्हणून सगळी टीम मामा म्हणायला लागली. संघ चालवणाऱ्या रग्बी महासंघाने तर त्याला मामा बनवण्याचा मक्ताच घेतला होता.

भाच्याचं टोपणनाव खांब. नाव शोभून दिसायचं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्यात तो पहिल्या फळीत उभा असे. वडील लहानपणीच गेलेले. आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, कपड्यांना काजं-बटणं करून द्यायची आणि त्यावर तिने हा खांब वाढवला. मामाला मूलबाळ नाही. त्यामुळे पोरगा दोन घरांत मिळून एकच.

संघात निवड झाली त्या दिवशी ताईने भावाला बोलावून घेतलं. टेबलावर बटणांचे डबे होते, ते बाजूला सारून ती म्हणाली, "गुडघा गेला तर तू बांधशील. हात मोडला तर तुझं प्लास्टर आहेच. डोक्याचं काय?"

"डॉक्टर असतात ना, ताई."

"डॉक्टर त्यांचे. तू माझा. डोक्याला लागलं तर तू त्याला बाहेर काढायचंस. कोच काही म्हणू दे, तो स्वतः तुझ्या पाया पडू दे. शब्द दे."

"दिला."

ताईने डबे परत जागेवर ठेवले. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला म्हाताऱ्या डॉक्टरांचे तीन प्रश्न असत. एका कार्डावर त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून मामाच्या पिशवीत ठेवले होते. हे कुठलं मैदान? पहिला हाफ की दुसरा? गेली मॅच जिंकलो की हरलो? डॉक्टर सांगत, पहिले दोन नावाला आहेत, समोर फलक असतो, घड्याळ असतं, कुणीही वाचून सांगेल. तिसरा खरा. त्याचं उत्तर मैदानावर कुठे लिहिलेलं नसतं, ते डोक्यातूनच यावं लागतं.

आणि ते खरंच होतं. त्या काळी आम्ही एक मॅच जिंकायचो, एक हरायचो. एकदा आमचा सगळ्यात चपळ पोरगा आपटला, उठला, हसत म्हणाला, "मी एकदम ठीक आहे." मामाने तिसरा प्रश्न विचारला. पोरगा म्हणाला, "हरलो." आम्ही आठवड्यापूर्वीच दणदणीत जिंकलो होतो. मामाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. शिव्या खाल्ल्या, सोडलं नाही. संध्याकाळी कळलं की मेंदूत रक्त साकळायला लागलं होतं. तो पोरगा आज दोन पोरींचा बाप आहे.

आता उतरणीचा पाढा वाचायचा तर दिवस पुरायचा नाही. थोडक्यात सांगतो. चांगले खेळाडू परदेशी क्लबांकडे गेले, आणि त्यांना परत बोलवायची पत्रं महासंघाच्या टेबलावर सहीसाठी पडून राहिली. सरावाचं मैदान मोटारींच्या प्रदर्शनाला दिलं. प्रदर्शन गेलं, तेलाचे डाग आणि खड्डे राहिले. अध्यक्षांच्या मेव्हण्याला एकाएकी कोचिंगचा साक्षात्कार झाला. उरले कोण? अग्निशमन दलातले दोघे, एक पोलीस, गोदामातले हमाल, एक भूगोलाचा शिक्षक. आणि खांब. त्याला बाहेरून दोनदा बोलावणं आलं, दोनदा त्याने नाही म्हटलं. "सगळेच गेले तर खेळायचं कुणी?" असं मला म्हणाला होता. मला तेव्हा ते फार आवडलं. आता त्या वाक्याचा राग येतो.

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागेची जाहिरात निघाली, अर्जही आले, मुलाखती मात्र अध्यक्षांना वेळ मिळाला की होणार होत्या. तीन वर्षं अध्यक्षांना वेळ मिळाला नाही. तोवर डॉक्टरांचं काम कुणी बघायचं? "मामा आहेत की." प्लास्टर लावणारा माणूस देशाच्या संघाचा डॉक्टर झाला, आणि हे कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

आम्ही हरत गेलो. सलग एकतीस मॅच. मामाचे हात मात्र दिवसेंदिवस सफाईदार होत गेले. फाटलेला स्नायू, निखळलेला खांदा, सुजलेला घोटा, सगळं बांधून तो पंधरा माणसं उभी करायचा. राष्ट्रगीताच्या वेळी रांग पूर्ण दिसायची. तेवढ्यावर महासंघ म्हणायचा की संघ आहे. एकदा तर राखीव बाकावर बसलेल्या पोराच्या हाताला मामानेच घातलेलं प्लास्टर होतं, नुसती संख्या भरायला बसवला होता.

या एकतीस पराभवांत तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं असेल, तुम्हीच सांगा. "गेली मॅच?" "हरलो." शुद्धीवरचा तेच सांगणार, बेशुद्धीतलाही तेच बरळणार. पोरं त्याला फुकटचे मार्क म्हणत. मामाही हसायचा. प्रश्न तोच, कार्ड तेच, अक्षर त्याच डॉक्टरांचं. त्यातली ताकद गेली होती आणि आम्ही कुणी ते बघितलं नाही.

मग बत्तिसावी मॅच आम्ही जिंकलो. आमच्याहूनही लहान देशाशी, त्यांच्या मैदानावर, तीन गुणांनी. रिकाम्या स्टँडसमोर आमची पोरं क्षणभर नुसती उभीच राहिली. जिंकल्यावर काय करतात ते आठवत नव्हतं त्यांना. मी बातमी पाठवली, ती चार ओळींत छापून आली, पाळीव कुत्र्यांच्या स्पर्धेखाली.

तीन आठवड्यांनी घरच्या मैदानावर ती मॅच झाली. हरलो तर आंतरराष्ट्रीय गटातून बाहेर, असा मामला होता. मध्यांतराला आम्ही एकतीस-शून्यने मागे. दुसऱ्या हाफमध्ये दहाव्या मिनिटाला खांबाच्या कानशिलावर कुणाचा तरी गुडघा बसला. तो पडला, उताणा, हात जरा वर उचललेले. मामा पिशवी घेऊन धावला. मी रेषेपाशी उभा होतो, दहा पावलांवर. खांब उठून बसला.

मागून कोच ओरडत होता, "मामा, आटपा! बदली माणूस नाही!" खरंच नव्हता. पहिल्या फळीचा एकुलता राखीव आधीच जखमी होऊन बाहेर बसला होता. फळीत खेळणारा माणूस नसला तर नियमाने स्क्रमची रेटारेटीच बंद करतात. आणि रेटणं ही एकच गोष्ट आम्हाला अजून जमत होती.

"कुठलं मैदान?"

खांबाने फलकाकडे बघितलं आणि नाव सांगितलं.

"पहिला की दुसरा?"

"दुसरा."

"गेली मॅच?"

"हरलो, मामा."

"बरोबर. जा."

मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला, आणि मीही मान डोलावली.

आठ मिनिटांनी खांब पडला. कुणी धक्का दिला नाही, कुणी जवळही नव्हतं. चालता चालता त्याचे गुडघे वाकले, बस. मामाने बांधलेल्या पट्ट्या दोन्ही गुडघ्यांवर जशाच्या तशा होत्या. रुग्णवाहिका फाटकात अडकली होती, ती आत आणेपर्यंत मी फोनवर बातमी सांगून मोकळा झालो. मथळाही मीच दिला, "डोक्याला मार, तरी वाघ मैदानात." दुसऱ्या दिवशी तो छापून आला.

रुग्णालय मामाचंच. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. ताई आली. हातावर, बाहीवर धाग्यांचे तुकडे तसेच चिकटलेले, काम टाकून धावत आली होती.

"डोक्याला लागलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग?"

"ताई, मी विचारलं. तिन्ही प्रश्न विचारले. तिन्ही बरोबर सांगितले त्याने."

"काय विचारलंस?"

मामाने पिशवीतून कार्ड काढलं आणि एकेक प्रश्न, एकेक उत्तर सांगितलं, शाळेत तोंडी परीक्षा द्यावी तसं. शेवटच्या उत्तराला ताई थांबली.

"गेली मॅच हरलो म्हणाला?"

"हो."

"आणि तू बरोबर म्हणालास?"

मामाने होकारार्थी मान हलवली.

"अरे, तुम्ही जिंकला होतात," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "विमानतळावरून फोन केला होता त्याने मला. 'आई, जिंकलो, आई, जिंकलो.' इतका ओरडत होता की फोन कानापासून लांब धरावा लागला. पाच वर्षांत एकदाच जिंकलात. तेही तुझ्या लक्षात राहिलं नाही?"

मामाने कार्ड उलटसुलट करून बघितलं, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं सापडेल. मी जमिनीकडे बघत राहिलो. कुत्र्यांच्या स्पर्धेखालच्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. पण ताईने मला विचारलं नाही, मी कोण लागत होतो तिचा? शब्द मामाने दिला होता.

खांब वाचला. वाचला म्हणजे श्वास घेतो, भरवलं की जेवतो, उजवा हात उचलत नाही, थोडं बोलतो.

महासंघाने चौकशी समिती नेमली. एरवी मूग गिळून बसणारा मामा तिच्यासमोर स्वतःहून गेला आणि म्हणाला, "उत्तर चुकीचं होतं. मी चुकलो. लिहून घ्या." समितीला ते नको होतं. उत्तर चुकीचं ठरलं असतं तर डॉक्टर का नव्हता हा पुढचा प्रश्न आला असता. अहवालातलं वाक्य मला पाठ आहे: "संघाची गेल्या काही वर्षांतील एकूण कामगिरी पाहता खेळाडूने दिलेले उत्तर सर्वसाधारणपणे बरोबर मानण्यास हरकत नाही." बावीस वर्षांत आमच्या संघाबद्दल इतकं खरं वाक्य मी वाचलं नाही. ज्यांनी संघाचं वाटोळं केलं त्यांनीच ते स्वतःच्या सुटकेसाठी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. मामाला दोषमुक्त केलं. तो कागद त्याने घरी नेलाच नाही.

पुढच्या वर्षी खर्च झेपत नाही म्हणून संघ बंद झाला. निषेधाचं एक पत्रही कुणी पाठवलं नाही.

मामा अजून प्लास्टरच्या खोलीत आहे. ताई त्याच्याशी बोलत नाही, पण दर रविवारी तो गेला की दार उघडते. गेल्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. खांब खिडकीशी खुर्चीत बसलेला, अंगाने निम्मा झालेला. मामा त्याच्यासमोर उकिडवा बसला, मैदानावर बसायचा तसाच.

त्याला बघितलं की खांबाला वाटतं, ती मॅच अजून चालू आहे. ताईने हे मला नंतर दारात सांगितलं. दर रविवारी तेच होतं म्हणे.

"मामा, मी ठीक आहे," खांब ओढत ओढत म्हणाला. "विचारा."

"गेली मॅच?"

"हरलो."

"चूक," मामा म्हणाला. "चल, बाहेर ये."

"मामा, खेळतो ना मी. माणूस नाहीये आपल्याकडे."

"नसू दे. तू बाहेर. बस इथे माझ्याजवळ."

खांब उठायला बघत होता. एक पाय हलला, दुसरा हलला नाही. मामाने दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरले आणि "हलू नकोस, हलू नकोस" म्हणत राहिला. टेबलाशी ताई बटण लावत होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि मान वर न करता, त्या दोघांकडे न बघता म्हणाली, "आता काढतोय बाहेर."